वळताना विमान कलतं कशासाठी? बारावीच्या मुलांना समजवायचंय, मदत हवी

नमस्कार मंडळी,

मी हडपसर भागात बारावीला फिजिक्स शिकवते. ग्लायडिंग सेंटर जवळच असल्यामुळे इथल्या मुलांना विमानांचं कुतूहल भारी. रस्त्याच्या बँकिंगचा (वळणावर रस्ता कलता ठेवण्याचा) भाग चालू असताना एका मुलीने विचारलं, "मॅडम, शेपटीवर रडर (नाक डावी-उजवीकडे फिरवणारी उभी फळी) असतो ना, मग वळायला पंख कशाला कलवायचे?" प्रश्न इतका चांगला आहे की अर्धवट उत्तर द्यायचं नाहीये.

मला कळतं ते असं. विमान कललं की लिफ्टही (पंखांवरचं उचलणारं बल) कलते आणि तिचा आडवा घटक विमानाला आत ओढतो. सूत्र रस्त्याचंच: कोनाचा टॅन्जंट म्हणजे वेगाचा वर्ग भागिले (त्रिज्या गुणिले गुरुत्वत्वरण जी). ताशी ९० किमी वेगाने ४५ अंश कललं तर त्रिज्या साधारण ६४ मीटर. उंची टिकवायची तर उभा घटक वजनाएवढा हवाच, म्हणून एकूण लिफ्ट वाढवावी लागते: ३० अंशांना वजनाच्या १.१५ पट, ४५ ला १.४१ पट, ६० ला थेट दुप्पट. स्टॉलचा वेग (ज्याच्या खाली पंखांची लिफ्ट कोसळते तो) या पटीच्या वर्गमुळाने वाढतो.

पण एका गाइडमध्ये लिहिलंय की आडवा घटक अपकेंद्री (बाहेर ढकलणाऱ्या) बलाला "तोलतो". तोललं तर विमान सरळ नाही का जाणार? आणि मग रडरचं काम काय? कुणी उडवलं असेल तर कृपया सांगा.

प्रतिसाद

मॅडम, तुमची शंका रास्त आहे. जमिनीवरून बघताना फळ्यावर दोनच बाण काढा, वजन आणि लिफ्ट (थ्रस्ट म्हणजे पुढचा रेटा आणि ड्रॅग म्हणजे हवेचा विरोध, ते तूर्त बाजूला). त्यांची बेरीज शून्य येत नाही, म्हणूनच विमान वळतं. अपकेंद्री बल फक्त विमानात बसून हिशेब केला तरच येतं.

रडरबद्दल. उजवीकडे कलायचं तर डावा एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेची हलती पट्टी) खाली जातो. त्या पंखाची लिफ्ट वाढते, सोबत ड्रॅगही, आणि नाक उलटं डावीकडे खेचलं जातं. ते सावरायला उजवा रडर (पायाने दाबायचा). ग्लायडरचे पंख लांब, त्यामुळे तिथे हे फारच जाणवतं. कॅनॉपीवर (पायलटच्या डोक्यावरच्या पारदर्शक झाकणावर) बाहेरून लोकरीचा धागा चिकटवलेला असतो. तो सरळ मागे उडाला की वळण स्वच्छ. नुसता रडर दाबला तर नाक फिरतं, पण विमान बरंचसं जुन्याच दिशेने घसरत राहतं.

मुलांना एक जरूर सांगा. उतरताना धावपट्टीकडे वळायला उशीर झाला, तर कमी उंचीवर जास्त कलायची भीती वाटते आणि पायलट आतल्या बाजूचा रडर दाबून नाक ओढायला जातो. वेग आधीच कमी, त्यात स्टिक (नाक वर-खाली करणारा दांडा) मागे घेतली की आतला पंख आधी स्टॉल होतो आणि विमान स्पिनमध्ये जातं, म्हणजे गरगरत खाली येतं. तिथून सावरायला उंची उरलेली नसते. अशा वेळी कलणं सौम्य ठेवायचं, धागा सरळ ठेवायचा आणि वळण थोडं बाहेर गेलं तर जाऊ द्यायचं.