मदत हवी आहे: तेलाची दरवाढ मंदीचे कारण ठरते की केवळ निमित्त?

नमस्कार. कच्च्या तेलाचे भाव वाढल्यामुळे आर्थिक मंदी येऊ शकते का, याविषयी वाचन करताना मी एका ठिकाणी अडलो आहे.

१९७३ च्या ऑक्टोबरमध्ये अरब देशांनी तेलपुरवठ्यावर निर्बंध घातले, काही महिन्यांतच पिंपाचा भाव सुमारे ३ डॉलरवरून १२ डॉलरच्या जवळ गेला आणि अमेरिकेसह अनेक औद्योगिक देश मंदीत सापडले. अमेरिकी अर्थतज्ज्ञ जेम्स हॅमिल्टन यांनी १९८३ मध्ये दाखवून दिले की दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत आलेल्या मंदींपैकी एक वगळता प्रत्येकीच्या आधी तेल महागले होते. यामागची साखळी मला पटते: इंधनाचा खर्च सहजासहजी टाळता येत नाही, म्हणून कुटुंबे इतर खरेदी आवरती घेतात, वाहतूक आणि उत्पादन महागते, आणि पुढचे काहीच निश्चित दिसत नसल्यामुळे उद्योग नवी गुंतवणूक लांबणीवर टाकतात.

परंतु अर्थतज्ज्ञ बेन बर्नान्की यांनी सहलेखकांसह १९९७ मध्ये मांडले की अर्थव्यवस्थेला बसणारा मोठा फटका तेलापेक्षा महागाई रोखण्यासाठी केलेल्या व्याजदरवाढीचा असतो. शिवाय २०११ पासून २०१४ च्या मध्यापर्यंत तेल १०० डॉलरच्या आसपास राहूनही जागतिक मंदी आली नाही, आणि ही गोष्ट मला विशेष महत्त्वाची वाटते. कदाचित उंच भावापेक्षा अचानक आलेली उसळीच अधिक घातक असावी.

तेलाचा आणि व्याजदरांचा परिणाम एकमेकांपासून वेगळा कसा मोजतात, हे जाणकारांनी कृपया उदाहरणासह समजावून सांगावे. तेल आयात करणाऱ्या आणि निर्यात करणाऱ्या देशांसाठी ही पद्धत बदलते का?