मदत हवी आहे: फोनवरून विडी सोडवण्याबद्दल

नमस्कार. मी मेळघाटातल्या एका उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी आहे. बीपीच्या आणि दम्याच्या बऱ्याच रुग्णांना विडी सोडायची मनापासून इच्छा आहे. ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सल्लासेवेवर डॉक्टरांशी बोलणं होतं, १८००-११-२३५६ ही राष्ट्रीय क्विटलाइनही (तंबाखू सोडायला फोनवरून समुपदेशन) मोफत आहे. अडतं ते पुढे. विडी सोडल्यावरचे पहिले काही दिवस चिडचिड, झोपमोड, तलफ यांनी माणूस हैराण होतो. नेमकं तेव्हाच समुपदेशकाचा फोन लागत नाही, कारण घरातला एकमेव मोबाइल मुलगा शेतावर घेऊन गेलेला असतो, किंवा रेंज नसते. शिवाय बहुतेकांची बोली कोरकू.

असं काम कुणी केलंय का? ठरलेल्या वेळी रुग्णाला उपकेंद्रात बोलावून तिथूनच फोन जोडून दिला, तर लोक टिकतात का? मजुरी बुडेल म्हणून येणार नाहीत अशी मला भीती वाटते. आशाताईंनी शेजारी बसून दुभाषाचं काम केलं, तर माणूस मोकळेपणी बोलतो का?

आणखी एक: तलफ कमी करायला दिलेला निकोटीनचा च्युइंगगम थोडा चावून गालात धरायचा असतो, पण लोक तो सतत चघळतात आणि मग मळमळ होते. फोनवरून हे कसं समजावता? कुणाकडे कोरकूतली ध्वनिफीत असेल तर कृपया पाठवा.