मांजरांचे त्वचारोग : तुमचे अनुभव

केतकी
काल माळा आवरताना बारीक दातांची एक फणी हाती लागली आणि आमची चिमी आठवली, म्हणून हा धागा काढत आहे. चिमी घरी आली तेव्हा तिच्या कानामागे पेराएवढा चट्टा होता आणि तिथले केस गेलेले होते. "भांडणात खरचटलं असेल," असे म्हणून आईने विषय मिटवला. पंधरा दिवसांनी माझ्या दंडावर लाल कडेचे, मधोमध निवळलेले वर्तुळ उमटले, तेव्हा तो नायटा असल्याचे कळले. डॉक्टरांनी अंधाऱ्या खोलीत जांभळा दिवा धरताच तिचे केस मुळाशी हिरवे चमकले. (प्रत्येक नायटा असा चमकत नाही, त्यामुळे चमक दिसली नाही म्हणून निर्धास्त राहू नये.) औषधापेक्षा घर स्वच्छ करण्यानेच आम्हाला दमवले, कारण नायटा बुरशीमुळे होतो आणि गळलेल्या केसांवरचे तिचे बीजाणू कित्येक महिने टिकतात. तुमचेही अनुभव लिहावेत.

निशाचर
आमच्या बोक्याच्या शेपटीच्या बुडाशी हात फिरवला की बाजरीचे दाणे लागावेत तशा खपल्या लागत. घरात पिसवा नाहीत, हे मी डॉक्टरांना छातीठोकपणे सांगितले. त्यांनी फणीतून निघालेली काळी पूड ओल्या कापसावर झटकली आणि बघता बघता तिच्याभोवती तांबूस डाग पसरला. ती पिसवांची विष्ठा होती, म्हणजे बोक्याचेच पचलेले रक्त. मांजर अंग चाटताना पिसवा गिळून टाकते, म्हणून आपल्याला त्या दिसत नाहीत, आणि ॲलर्जी असलेल्या मांजराला मोजके चावेही पुरतात.

अबोली
पिसवांचा विषय निघालाच आहे, तर माझा अपराध कबूल करते. कुत्र्याच्या मानेवर टाकायचे औषध मी मांजरीलाही "थोडेसेच" टाकले. त्यात परमेथ्रिन होते आणि ते मांजरांना विषासमान असते, हे तिला झटके येऊ लागल्यावर मला समजले. दोन दिवस दवाखान्यात काढून ती वाचली. माझ्या मांडीवर मात्र ती महिनाभर बसली नाही.

दादूस
अबोलीताई, महिनाभरावर निभावले म्हणायचे! आमच्या मनीच्या हनुवटीवर काळे ठिपके आले, तेव्हा "हिलाही माझ्यासारखी मुरुमे आली," म्हणून आमची कन्या खूश झाली. गंमत म्हणजे ती खरोखरच मुरुमे निघाली. प्लास्टिकची वाटी बदलून स्टीलची आणली आणि रोज धुऊ लागलो, तेव्हा ती कमी झाली.

शुभ्रा
आमचा पांढरा बोका दिवसभर खिडकीत ऊन खात पडलेला असे. कानाच्या टोकावरची खपली पडे, पुन्हा धरे, आणि भांडखोर स्वभावामुळे तसे होत असावे असे समजून आम्ही सहा महिने घालवले. तुकडा तपासला तेव्हा कर्करोग निघाला. पांढऱ्या कानांच्या मांजरांना उन्हाचा हा धोका अधिक असतो. कानांची टोके कापावी लागली, पण पुढे तो पाच वर्षे जगला आणि आखूड कानांनी अस्वलाच्या पिल्लासारखा दिसे.

वाचक
आमची मांजर पोटावरचे केस सतत चाटते आणि तिथली कातडी आता गुळगुळीत दिसते. केस आपोआप गळत आहेत की ती चाटून तोडते आहे, हे कसे ओळखावे?

केतकी
डॉक्टरांना तिथले चार केस सूक्ष्मदर्शकाखाली बघायला सांगावे. टोके तुटलेली असली तर ती चाटूनच तोडते आहे. मग खाज कशाची, हे शोधायचे. ती फणी घेऊन जा हवी तर.