मदत हवी आहे: कांदा निर्यातबंदीवरील एम.ए.च्या लघुप्रबंधाचा आराखडा कसा आवरता घ्यावा?

नमस्कार.

मी पुण्यातील एका महाविद्यालयात एम.ए. अर्थशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि चौथ्या सत्राच्या अखेरीस मला लघुप्रबंध सादर करायचा आहे. मी आराखड्यासाठी 'कांदा निर्यात धोरणाचा नाशिक जिल्ह्यातील शेतकऱ्यांवर झालेला परिणाम' असा विषय दिला होता. मार्गदर्शकांनी तो परत पाठवला आणि समासात लिहिले, "हा लघुप्रबंधाचा विषय नाही, ग्रंथमालेचा आहे." त्यांचे म्हणणे मला पटले आहे, पण काय ठेवायचे आणि काय सोडायचे हे ठरवता येत नसल्याने येथे विचारते आहे.

विषय निवडण्यामागचे कारण घरचे आहे. आमची शेती निफाड तालुक्यात आहे आणि डिसेंबर २०२३ मध्ये बंदी आली तेव्हा आमचा लाल कांदा काढणीला आला होता. त्या वेळी वडिलांनी विचारले होते, "बंदी नसती तर भाव किती मिळाला असता?" मी अर्थशास्त्र शिकते म्हणून मला हे सांगता यावे, अशी त्यांची अपेक्षा होती. मला तेव्हा सांगता आले नाही आणि खरे तर अजूनही येत नाही.

पहिली अडचण कालखंडाची आहे. १९ ऑगस्ट २०२३ रोजी कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लागले. ऑक्टोबरच्या अखेरीस प्रतिटन ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य (त्याहून कमी दराने निर्यात करता येत नाही) आले. ८ डिसेंबरपासून पूर्ण बंदी झाली, तिची ३१ मार्च २०२४ ही मुदत पुढे वाढवण्यात आली आणि ४ मे २०२४ रोजी बंदी उठली, तीही ५५० डॉलर किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्क कायम ठेवून. १३ सप्टेंबर २०२४ रोजी किमान मूल्य गेले, शुल्क २० टक्क्यांवर आले आणि १ एप्रिल २०२५ पासून तेही रद्द झाले. इतक्या पायऱ्यांमध्ये धोरणाच्या 'आधीचा' काळ कोणता आणि 'नंतरचा' कोणता मानावा?

दुसरी अडचण पद्धतीची आहे. मी ॲगमार्कनेट या केंद्र सरकारच्या बाजारभाव संकेतस्थळावरून लासलगावचे जानेवारी २०१८ पासूनचे दैनिक दर आणि आवक उतरवून घेतली, ग्रेटल या मोफत सांख्यिकी प्रणालीत युनिट रूट चाचणी (मालिका काळानुसार स्थिर राहते का हे पाहणारी) केली आणि बंदीच्या दिवसांसाठी एक डमी चल (बंदी असेल त्या दिवशी १, नसेल त्या दिवशी ०) घालून समाश्रयण (रिग्रेशन) चालवले. गुणांक ऋण आणि सांख्यिकीय दृष्ट्या लक्षणीय आला, त्यामुळे एक दिवस मी फार खुशीत होते. मग मार्गदर्शकांनी एकच वाक्य ऐकवले, "नवा लाल कांदा बाजारात आला की डिसेंबरात भाव तसेही उतरतात, मग यात बंदीचा वाटा किती?"

याशिवाय दैनिक मालिकेत जागोजागी खंड आहेत. ते सरासरी काढून भरावेत का? तुलनेसाठी निर्यातीवर फारसा अवलंबून नसलेला दुसरा एखादा बाजार घ्यावा का? आणि प्रबंध मराठीत लिहिण्याची मुभा असली तरी पद्धतीचे प्रकरण मराठीत लिहिणे शहाणपणाचे ठरेल का? हाताशी साडेचार महिने आहेत. ज्यांनी असे प्रबंध लिहिले आहेत किंवा तपासले आहेत, त्यांनी कृपया सविस्तर सांगावे.

प्रतिसाद १

मी काही वर्षे पदव्युत्तर वर्गांना अर्थमिती शिकवली आहे, त्या अनुभवावरून लिहितो.

तुमच्या वडिलांचा प्रश्न हाच तुमचा संशोधन प्रश्न आहे आणि तो तुम्ही आराखड्यात लिहिलेल्या प्रश्नापेक्षा पुष्कळ नेमका आहे. 'शेतकऱ्यांवर झालेला परिणाम' म्हटले की उत्पन्न, कर्ज, पुढल्या हंगामातील लागवड, साठवण असे सगळेच त्यात येते आणि त्यातल्या कशाचीही आकडेवारी तुमच्याकडे नाही. तुमच्याकडे दर आणि आवक आहे. तेव्हा प्रश्न दरापुरता ठेवा.

आता तुमच्या डमी चलाविषयी. सरकार मनात येईल त्या दिवशी निर्यात रोखत नाही, भाव चढल्यावर रोखते. म्हणजे बंदीमुळे भाव बदलतात आणि भावामुळेच बंदी येते. साध्या समाश्रयणाला ही दोन्ही टोके वेगळी करता येत नाहीत. त्यात हंगामाची भर पडते, हे तुमच्या मार्गदर्शकांनी दाखवलेच आहे. हंगाम वेगळा काढण्यासाठी आधीच्या वर्षांतील तेच आठवडे तुलनेला घ्यावेत असे कोणालाही सुचेल, पण तेथेही एक खाच आहे. २९ सप्टेंबर २०१९ ते १५ मार्च २०२० निर्यातबंदी होती आणि १४ सप्टेंबर २०२० रोजी पुन्हा लागलेली बंदी १ जानेवारी २०२१ पासून उठली. म्हणजे २०१९ आणि २०२० हे दोन्ही डिसेंबर बंदीचेच होते. तुमच्या मालिकेत बिनबंदीचे डिसेंबर उरतात ते २०१८, २०२१ आणि २०२२ चे. डिसेंबर २०२४ मध्ये २० टक्के शुल्क होते, म्हणून तो यांत धरू नका. तीनच वर्षे हाती राहतात, हे प्रबंधात उघडपणे लिहा. त्यातही २०१८ च्या डिसेंबरात भाव आधीच तळाला गेलेले होते, त्यामुळे रुपयांतील फरकाऐवजी दराचा लॉगॅरिदम घेऊन टक्केवारीतील बदल मोजा.

तुमच्या जागी मी असतो तर धोरणाच्या सगळ्या पायऱ्या प्रस्तावनेतील एका कोष्टकात मांडल्या असत्या आणि अभ्यासासाठी फक्त ८ डिसेंबर २०२३ ही तारीख घेतली असती. तिच्या आधीचे पाच-सहा आठवडे आणि नंतरचे आठ आठवडे पुरेत. किमान मूल्य ऑक्टोबरच्या अखेरीस लागले असल्याने आधीचा काळ त्याहून मागे ताणू नका. पुढे काही देशांना मर्यादित निर्यातीची परवानगी मिळाली, उदाहरणार्थ बांगलादेशाला ५० हजार टन आणि संयुक्त अरब अमिरातीला १४,४०० टन. फेब्रुवारीच्या सुरुवातीला अभ्यासाचा काळ संपवलात तर ही गुंतागुंत बाहेर राहते. मात्र एक गोष्ट विसरू नका. बंदीच्या आदल्या दिवशी व्यापार मोकळा नव्हता, ४० टक्के शुल्क आणि ८०० डॉलरची अट तेव्हाही होतीच. त्यामुळे तुम्ही मोजाल तो आधीच आवळलेल्या निर्यातीवर बंदीने आणखी केलेला परिणाम असेल. मोकळ्या निर्यातीत किती भाव मिळाला असता, याचे उत्तर या आकड्यात नसेल आणि वडिलांना ते सांगताना हा फरक समजावून द्यावा लागेल.

दुसरा बाजार घेण्याची कल्पना चांगली आहे. राजस्थानातील अलवरचा कांदा मुख्यतः देशातच खपतो, म्हणून तुलनेसाठी तो डोळ्यांपुढे येतो. पण निर्यात थांबली की नाशिकचा कांदा देशभरच्या बाजारांत उतरतो आणि अलवरचे भावही खाली ओढतो. ज्याच्याशी तुलना करायची त्यालाच झळ लागली, तर दोन बाजारांतील फरक खऱ्या परिणामापेक्षा कमी दिसतो. ही पद्धत वापरलीत तर आलेला आकडा किमान परिणाम आहे असे म्हणा. चूक कोणत्या दिशेने होते हे सांगता येणे ही लघुप्रबंधात मोठी जमेची बाजू असते आणि परीक्षक बहुधा हेच विचारतात.

खोटी तारीख घालून एक चाचणी अवश्य करा. २०१८, २०२१ आणि २०२२ मध्ये ८ डिसेंबरला बंदी आली होती असे समजून तेच गणित चालवा. त्या वर्षांतही तितकीच घसरण दिसली तर तुमचा निष्कर्ष बंदीचा नसून हंगामाचा आहे. प्रमाण त्रुटी (अंदाजातील अनिश्चिततेचे माप) न्यूवे-वेस्ट पद्धतीने काढा, कारण आजचा दर कालच्या दराला धरूनच असतो. लासलगावच्या जोडीला पिंपळगाव बसवंत, मनमाड, येवला घेतलेत म्हणून निरीक्षणे चौपट झाली असे मात्र मानू नका. हे बाजार एकमेकांकडे पाहूनच चालतात.

लिहिण्याच्या क्रमाविषयी थोडक्यात: विदा (आकडेवारी) आणि पद्धत यांची प्रकरणे आधी लिहा, प्रस्तावना शेवटी. साहित्याच्या आढाव्यात दोन-दोन महिने अडकून पडलेले विद्यार्थी मी पाहिले आहेत आणि त्यांचे आढावे वाचायला मलाही फारसे कधी आवडले नाहीत. आढाव्यात तुमच्या प्रश्नाला भिडणारेच लेखन घ्या.

प्रतिसाद २

मी संशोधक नाही. बाजार समितीच्या आकडेवारीशी कामानिमित्त बरीच वर्षे संबंध आला, म्हणून खंडांविषयी सांगतो.

सरासरी काढून खंड भरू नका. रविवार आणि सणांची सुटी सोडली तर बरेचसे खंड लिलाव बंद पडल्याचे असतात आणि लिलाव नेमके धोरण बदलले की बंद पडतात. ऑगस्ट २०२३ मध्ये शुल्क लागल्यावर बंद पडले, सप्टेंबरच्या उत्तरार्धात व्यापाऱ्यांनी पुन्हा बंद ठेवले आणि बंदी जाहीर झाल्यावर डिसेंबरातही तेच झाले. तुम्हाला ज्या दिवसांचा भाव सर्वांत जास्त हवा आहे, त्याच दिवशी भाव निघालेला नाही. दोन टोके सरळ रेषेने जोडलीत तर पडझड हळूहळू झाल्याचे चित्र उभे राहील, जे बाजारात कोणी पाहिलेले नाही. आठवड्याची सरासरी घ्या, आठवड्यात लिलावाचे दिवस किती होते याचा वेगळा रकाना ठेवा आणि बंद दिवसांची कारणे त्या वेळच्या वृत्तपत्रांतून टिपून घ्या.

आणखी काही बारकावे आहेत. लासलगाव, लासलगाव-विंचूर आणि लासलगाव-निफाड अशा वेगवेगळ्या नोंदी असतात, त्यांची सरमिसळ झाली आहे का ते पाहा. ॲगमार्कनेटवर आवक टनांत असते आणि राज्याच्या कृषी पणन मंडळाच्या संकेतस्थळावर क्विंटलमध्ये, त्यामुळे दोन्हींकडून आकडे घेतले असतील तर एकक तपासा. डिसेंबरात उन्हाळी कांद्याची शेवटची आवक आणि लाल कांदा शेजारी शेजारी दिसतात, त्यांचे भाव वेगळे असतात. एकत्र सरासरी काढली की वाण बदलल्यामुळे झालेला फरक भावातला फरक म्हणून मोजला जाईल. 'सर्वसाधारण दर' ही वजनाने काढलेली सरासरी नव्हे. बहुतेक मालाला ज्या भावाच्या आसपास बोली लागली तो हा दर. गोल्टी (लहान आकाराच्या) कांद्याची आवक वाढली तरी त्यात ती लगेच दिसेलच असे नाही.

२०२३ चे फेब्रुवारी आणि मार्च महिने तुम्ही आवकेसाठी वापरणार असाल तर जपून वापरा. त्या काळात विकलेल्या कांद्यावर राज्य सरकारने क्विंटलला ३५० रुपये, २०० क्विंटलपर्यंत, अनुदान दिले होते. ३१ मार्चच्या आत माल आणण्याची घाई तेव्हा अनेकांनी केली.

तुमच्या घरी त्या हंगामाच्या हिशोबपट्ट्या असतील तर त्या काढा. पट्टीवर तारीख, वजन, भाव आणि कपाती असतात. त्या त्या दिवसाच्या सर्वसाधारण दराशी पट्टीतला भाव ताडून पाहिलात तर छापील आकड्यावर किती विसंबायचे याचा अंदाज येईल.

प्रतिसाद ३

फक्त भाषेच्या मुद्द्यावर लिहिते, कारण मी स्वतः मराठीतून प्रबंध लिहिला आहे. पद्धतीचे प्रकरण मराठीत लिहिता येते. भाषा संचालनालयाचा 'अर्थशास्त्र परिभाषा कोश' जवळ ठेवा, पण त्यातला शब्द वर्गात कोणी वापरत नसेल तर हट्ट धरू नका. 'युनिट रूट' तसेच देवनागरीत लिहा आणि पहिल्यांदा येईल तेथे अर्थ दोन वाक्यांत सांगा. एका संज्ञेला पहिल्या पानापासून शेवटपर्यंत एकच शब्द ठेवा. माझ्या प्रबंधात 'चल', 'चलराशी' आणि 'परिवर्तनीय घटक' असे तिन्ही शब्द एकाच अर्थाने आले होते आणि तोंडी परीक्षेतली पहिली दहा मिनिटे त्यातच गेली. बाह्य परीक्षक मराठी वाचणारे मिळतील ना, हे मार्गदर्शकांना आताच विचारून ठेवा.

धागाकर्तीचे उत्तर

तिघांचेही मनःपूर्वक आभार. २०१९ आणि २०२० चे डिसेंबर माझ्या 'सामान्य' वर्षांत मोजले गेले होते, ही चूक प्रतिसाद वाचताक्षणी लक्षात आली. ती दोन्ही वर्षे काढून पुन्हा गणित केले. घसरण अजूनही दिसते, पण प्रमाण त्रुटी बरीच रुंदावली आहे, म्हणून तूर्त आकडा येथे लिहीत नाही.

मार्गदर्शकांकडे आता हा प्रश्न पाठवला आहे: '८ डिसेंबर २०२३ च्या निर्यातबंदीनंतरच्या आठ आठवड्यांत लासलगाव बाजारातील लाल कांद्याचा सर्वसाधारण दर, बिनबंदीच्या वर्षांतील हंगामी बदलाच्या तुलनेत किती टक्क्यांनी अधिक घसरला?' अलवरची तुलना एका उपविभागात, किमान परिणामाच्या इशाऱ्यासह घेईन. खंड भरणार नाही, साप्ताहिक मालिका वापरेन.

हिशोबपट्ट्या सापडल्या. वडिलांनी त्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात तारखेनुसार लावून ठेवल्या आहेत आणि काकांच्याही मिळाल्यामुळे त्या हंगामाच्या एकूण ३७ झाल्या. मात्र बऱ्याच पट्ट्यांवर वाण लिहिलेला नाही, नुसते 'कांदा' आहे. काढणीच्या तारखा वडिलांना आठवतात, त्यावरून लाल की उन्हाळी हे ठरवले तर चालेल का? आणि परिशिष्टात पट्ट्यांची छायाचित्रे देताना शेतकऱ्याचे व अडत्याचे नाव झाकावे, की नुसते कोष्टक द्यावे? एवढे दोन प्रश्न उरले आहेत.