दरबारीचा गंधार कागदावर कसा लिहावा?

चर्चाप्रस्ताव (खर्जवाला)
पं. भातखंडे यांच्या स्वरलेखनाच्या लिपीत कोमल, म्हणजे उतरलेल्या स्वराखाली आडवी रेघ असते, आणि ती सगळ्या रागांत सारखीच असते. त्यामुळे भीमपलासी, तोडी आणि दरबारी या तिघांचे गंधार कागदावर एकच दिसतात. गाताना मात्र तोडीचा अतिकोमल, म्हणजे कोमलापेक्षाही उतरलेला लागतो आणि दरबारीचा तर रिषभाकडे झुकत सावकाश झुलत राहतो. पुस्तकावरून दरबारीची विलंबित बंदिश बसवताना मी तो गंधार सरळ उभा लावला, तेव्हा गुरुजींनी मला थांबवले, पेन्सिल घेतली आणि त्या ‘ग’च्या डोक्यावर नागमोडी रेघ ओढली. मींडेला (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याला) कमान आहे, कणस्वराला (ओझरत्या स्पर्शस्वराला) वर लिहिलेले लहान अक्षर आहे. मग आंदोलनाला, म्हणजे या झुलण्याला, आणि अतिकोमल जागेला छापील खुणा का नसाव्यात?

प्रतिसाद (जुनी वही)
आंदोलनाची खूण खुशाल करावी. अतिकोमलाच्या खुणेला माझा विरोध आहे, कारण ती केली की ‘नेमका किती उतरलेला’ हा प्रश्न लगेच उभा राहतो. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी १९१० साली बावीस श्रुतींचे, म्हणजे सप्तकातल्या सूक्ष्म स्वरस्थानांचे, गणित मांडले, पुढे इंग्रज अधिकारी क्लेमेंट्स यांच्या साथीने श्रुतींची पेटीही झाली, आणि १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत त्यावरून वाद झाला. भातखंड्यांनी लेखनासाठी बारा स्वरच ठेवले, यात मला शहाणपण दिसते. एकाच गवयाचा एकाच रागातला गंधारही आरोहात आणि अवरोहात हलतो. त्याला आकड्यात बांधले तर काटेकोर दिसणारी चूक छापली जाईल. शिवाय विष्णु दिगंबर पलुस्करांच्या लिपीत मात्रांच्या खुणा अधिक तपशिलाच्या होत्या, तरी अधिक रुळली ती भातखंड्यांचीच, कारण ती वाचायला सोपी.

प्रतिसाद (पेटीमास्तर)
माझा रोख वेगळा आहे. विद्यार्थी पुस्तक समोर ठेवतो आणि हात पेटीवर ठेवतो, त्यामुळे रेघेचा गंधार म्हणजे अमुक पट्टी, एवढाच अर्थ त्याच्या कानात बसतो. सप्तकाचे १२०० सेंट (स्वरांतर मोजण्याचे एकक) धरले तर पेटीचा शुद्ध गंधार ४०० वर असतो, आणि तंबोऱ्याच्या खर्जातून आपोआप उमटणारा साधारण ३८६ वर. हा १४ सेंटचा फरक शांत खोलीत तयार कानाला ऐकू येतो. आकाशवाणीने १९४० पासून तीस वर्षे पेटीला बंदी घातली होती, आणि पोट भरणारा पेटीवाला असूनही त्यामागचा आक्षेप मला सर्वस्वी खोटा वाटत नाही. दोष लिपीत नाही, ती पेटीवर वाचण्यात आहे. नवी खूणसुद्धा तो विद्यार्थी पेटीवरच शोधेल. आधी कान तयार करायला हवा.

उत्तर (खर्जवाला)
श्रुतीच्या आकड्यांचा आग्रह मी सोडतो. परंतु ‘कान तयार करा’ हे उत्तर ज्याला गुरू मिळाला त्याच्यासाठी ठीक आहे. केवळ पुस्तकावर शिकणाऱ्याला निदान हा स्वर स्थिर नाही, एवढे तरी कळले पाहिजे.

प्रतिसाद (जुनी वही)
एवढे मान्य. पण झुलण्याची रीत कोणाची छापणार?

उत्तर (खर्जवाला)
प्रश्न रास्त आहे. माझ्याच प्रतीत पुढे दुसऱ्या गुरूंनी त्या नागमोडी रेघेआधी मध्यमाचा लहान कण लिहून दिला आहे. बंदिशीखाली दोन्ही रीती घराण्याच्या नावासह छापाव्यात. पानाच्या तळाशी दोन ओळींना जागा असते.