माती ओली, तरी जास्वंद मलूल? मुळं बघा
ताई, माती ओली आहे तरी जुन्या जास्वंदी एकामागोमाग माना टाकतायत म्हणताय, मग तुम्हाला कुणीतरी सुचवलंय तसं अजून पाणी आणि युरिया प्लीज नका घालू, हा तहानेचा प्रॉब्लेम नाहीये. आधी खोड हलवून बघा. गदागदा हललं, ओढल्यावर झाड वर यायला लागलं तर बहुतेक हुमणी, बुंध्याजवळ वीतभर उकरलं की सी आकारात वळलेली पांढरी, तपकिरी डोक्याची जाड अळी सापडेल, ऑगस्ट ते ऑक्टोबर ती मुळं फस्त करते आणि बरेचदा कच्च्या शेणखतातून बागेत येते. अळ्या वेचून मारा, मातीत मेटारायझियम (अळ्यांना मारणारी उपयोगी बुरशी) मिसळा.

झाड घट्ट असेल तर एक बारीक मूळ चिमटीत धरून ओढा, साल मोज्यासारखी निघून आत नुसता दोरा उरला, कुबट वास आला तर मूळकूज. मग पाणी बंद, बुंध्याला चढवलेली माती बाजूला करा, चर काढून निचरा होऊ द्या.

आणि शेजारी पेव्हर ब्लॉक बसवलेत का हो? त्या खोदकामात मुळं तुटतात आणि झाड वाळायला कधीकधी वर्ष जातं, त्यामुळे कुणाला संशयच येत नाही.

फांदीची साल नखाने खरवडून आत हिरवं दिसलं तर एवढ्यात उपटू नका.