चॅटमच्या गोदीचा खंदक नदीकडे पाठ करून का?

सुकाणू:
इंग्लंडमधल्या चॅटमच्या जुन्या नौदल गोदीचा नकाशा बघतोय. गोदी मेडवे नदीला चिकटून आहे, पण खंदक, तट, बुरूज सगळे मागे, जमिनीकडे तोंड करून. १६६७ मध्ये डच आरमार तर नदीतूनच घुसलं होतं. मग तटबंदी उलट्या बाजूला कशाला?

पडाव:
नदीची बाजू मोकळी नव्हती हो. अपनॉरचा किल्ला होताच, त्या हल्ल्यानंतर काठावर आणखी तोफा बसवल्या. पण डचांनी काय केलं बघा. गिलिंगहॅमजवळ नदीत आडवी लावलेली साखळी पार केली, जहाजं जाळली, ‘रॉयल चार्ल्स’ ओढून नेलं. गोदी मात्र शाबूत राहिली. गोदी शाबूत म्हणजे आरमार पुन्हा उभं राहतं. ‘व्हिक्टरी’ ही युद्धनौका इथंच बांधली, १७६५ मध्ये पाण्यात उतरली. ज्याला इंग्लंडचं आरमार मुळापासून उखडायचंय तो दूर कुठंतरी किनाऱ्यावर फौज उतरवणार आणि मागच्या टेकडीवर तोफा चढवणार. गोदी खाली सखलात. टेकडी गेली की गोदी गेलीच.

म्हणून १७५६ मध्ये, फ्रान्सशी झालेल्या सप्तवार्षिक युद्धाच्या तोंडावर, हे काम काढलं. खंदक कोरडा आहे, पण त्याला कमी लेखू नका. त्यात उतरलेल्या शिपायापुढं उभी भिंत, आणि पुढे आलेल्या बुरुजांतून खंदकाच्या लांबीभर मारा. तट सरळ न जाता कोनाकोनानं वळतो तो यासाठीच. नेपोलियनच्या काळात कैद्यांकडून भुयारं खोदून घेतली, तीच आज याच तटबंदीतल्या फोर्ट अ‍ॅम्हर्स्टमध्ये बघायला मिळतात.

मला विचाराल तर खंदकाइतकंच मोल त्याच्या बाहेरच्या मैदानाला आहे. शत्रूला आडोसा मिळू नये म्हणून तिथं काही बांधू दिलं नाही. दाट वस्तीच्या मधोमध ‘ग्रेट लाइन्स’ आजही मोकळी आहे ती त्यामुळं. तिथं कुणी इमारत उभी केली तर खंदक का खणला हेच कळेनासं होईल.

भरती:
१७५६ वरून आठवलं. त्याच वर्षी फेब्रुवारीत इंग्रज नौसेनापती वॉटसनच्या जहाजांनी विजयदुर्गावर भडिमार केला आणि तुळाजी आंग्र्यांचं आरमार बंदरातच जळालं. तरी क्लाइव्हला जमिनीवर उतरवावंच लागलं, इंग्रजांच्या सोबत आलेली पेशव्यांची फौज आधी किल्ल्यात शिरू नये म्हणून.

सुकाणू:
पटलं. पण नकाशात आणखी लांबवर लुटन, बोर्स्टल असे सुटे किल्ले दिसतात. ते कशासाठी?

पडाव:
ते एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातले. रायफल पद्धतीच्या, म्हणजे नळीत आतून पिळदार खाचा असलेल्या तोफा आल्या, पल्ला कितीतरी वाढला, गोदीलगतचा खंदक पुरेना. मग संरक्षणाची रेषाच बाहेर ढकलावी लागली. पोर्ट्समथच्या नौदल बंदराला हे फार स्पष्ट दिसतं. देशाच्या संरक्षणाचा आढावा घेणाऱ्या १८५९ च्या शाही आयोगानंतर तिथं पोर्ट्सडाउन टेकडीवर किल्ल्यांची रांग उभी राहिली, तोंड उत्तरेकडे, बंदराकडे पाठ. त्यातला फोर्ट नेल्सन आज तोफांचं संग्रहालय आहे. चॅटमचा नकाशा झाला की तो बघा.